शिवऱ्याचं आरमार

आमच्या शिवऱ्याला समुद्र नाही. शिवगंगा आहे, पण तिच्यात गलबत सोडायचं तर उन्हाळ्यात आधी विचारावं लागेल, "बाई, आहेस का?" पुणे-सातारा रस्ता मात्र रात्रंदिवस गाजत असतो. अंथरुणावर डोळे मिटून पडलं की लाटाच आहेत असं मानता येतं. माझा पुतण्या आणि त्याचे तीन दोस्त त्या आवाजानंच चाचे झाले असावेत.

चाच्यांचा एक नवा गेम येणार आहे म्हणे. कधी, तर 'लवकरच'. रस्त्याच्या कामाच्या पाट्या वाचून माझी उमर गेली, त्यामुळे या शब्दाची खोली मला ठाऊक आहे. तोवर तालीम म्हणून ही मंडळी 2018 सालचा 'सी ऑफ थीव्ज' खेळतात. मोठं जहाज चौघांचं. सुकाणू धरणाऱ्याला समोरच्या शिडापायी पुढचं धड दिसत नाही आणि नकाशा खालच्या मजल्यावर. थोडक्यात, ज्याच्या हाती सुकाणू त्याला दिसत नाही, आणि ज्याला दिसतं तो नुसता ओरडतो. ग्रामपंचायतीच्या सभांना बसलेल्या माणसाला यात नवीन असं काही वाटलं नाही.

परवा रात्री अकराला पोरगं किंचाळलं, "पाणी भरलं, पाणी!" वहिनी झोपेतून उठून थेट मोटार बंद करायला धावल्या. टाकी कोरडी ठणठणीत. येऊन बघतात तर चिरंजीव पडद्यावरच्या जहाजातलं पाणी बादलीनं उपसतायत. "घरात कधी तांब्या उचलला नाहीस," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

"काका, आपल्याकडं होते का हो चाचे?" दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं.

"होते की. इंग्रजांच्या वह्यांत."

मग कान्होजी आंग्रे काढावे लागले. मराठ्यांचे सरखेल. आमच्या किनाऱ्यावरून जायचं तर आमचं दस्तक घ्या, हा त्यांचा हिशेब. दस्तक नसलं की जहाज मालासकट धरलं. पोराला दस्तक काही उमगेना. शेवटी म्हटलं, आपल्या खेड शिवापूरच्या नाक्यावर काय लागतं? "फास्टॅग!" तेच ते. फरक इतकाच की रोखीवाल्याकडून दुप्पट घेऊन सोडून द्यायची रीत तेव्हा निघाली नव्हती. मुंबईकर इंग्रजांनी आपली दस्तकं ती हक्काची ठरवली आणि कान्होजींना चाचे म्हणून टाकलं. आज त्याच मुंबईत नौदलाच्या तळाला 'आयएनएस आंग्रे' म्हणतात.

"पण ते कोकणात. आपण इथं डोंगरात."

मी राजगडाच्या दिशेला बोट केलं. 25 नोव्हेंबर 1664 ला मालवणात सिंधुदुर्गाच्या कामाचा मुहूर्त झाला, तेव्हा राजधानी तिथं होती. समुद्र दिसत नाही म्हणून आरमार ठेवता येत नाही असं नाही.

त्याला खरी आवडली ती 1721 ची गोष्ट. इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन अलिबागच्या कुलाब्यावर चालून आले. बेत झकास, जहाजं भरपूर, आणि हल्ला सपशेल फसला. इंग्रजांचा कमोडोर मॅथ्यूज इतका भडकला की त्यानं पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात आपली छडी खुपसली, असं मोहिमेतल्या एका इंग्रजानंच लिहून ठेवलंय. पुढं पोर्तुगिजांनी मराठ्यांशी आपला वेगळा तह करून टाकला.

"आमचं पण असंच होतं," पुतण्या गंभीरपणे म्हणाला. "सगळे एकदम हेडसेटवर बोलतात."

1756 चं मात्र आवाज खाली आणून सांगितलं. त्या वेळी इंग्रजांचे भिडू खुद्द पेशवे होते, आणि विजयदुर्गाच्या बंदरात जळालं ते तुळाजी आंग्र्यांचं, म्हणजे मराठी, आरमार. लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. पोरगं जरा वेळ गप्प बसलं. मग म्हणालं, "असला भिडू आम्ही परत घेतला नसता."

भिडूंची अडचण त्यांनाही आलीच. भाताची लावणी सुरू झाली. चौथ्याच्या घरी इर्जिक होती. इर्जिकीत सगळा शेजार एकाच्या खाचरात उतरतो, कुणी रोपं उपटतं, कुणी लावतं, मजुरी म्हणून पोटभर जेवण. त्या दिवशी रात्री चौथा जेवता जेवताच झोपला. तिघांनी जहाज काढलं, ते दोनदा खडकावर घातलं आणि दोनदा बुडवलं. तिसऱ्यांदा पाणी वर यायला लागलं तेव्हा वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्याही दिवसभर चिखलातच होत्या.

"चौथ्याचं काम काय असतं रे?"

"पाणी उपसायचं, आई."

"एवढंच?"

वहिनींनी पदर खोचला, पाट ओढला आणि म्हणाल्या, "सरक. बादलीचं बटण दाखव."