दोन कॉलेजं, एक एल.सी.

आमच्या खोपटला एसटीचा डेपो असल्यामुळे कुणी भल्या पहाटे बॅग घेऊन निघालं तरी कुणाला त्याचं नवल वाटत नाही. पण समोरच्या विंगमधली मुलगी कुठे जाते याची चौकशी मात्र अख्ख्या बिल्डिंगने केली. सकाळी ठाण्यात बी.कॉम., दुपारी मुलुंडला बी.एससी. आयटी. दोन्ही खरीखुरी, बाक-फळ्याची कॉलेजं. "एक ना धड भाराभर चिंध्या," तळमजल्यावरचे काका म्हणाले. काकांच्या चिरंजीवांनी एकच कॉलेज पाच वर्षं केलं, त्यामुळे त्यांचं मत अनुभवाचं मानायला हरकत नाही.

हे सगळं आता रीतसर आहे. एप्रिल २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एका वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. दोन्ही कॉलेजात जाऊन करा, फक्त तासांच्या वेळा एकमेकींवर येऊ देऊ नका; नाहीतर एक जाऊन करा आणि दुसरी दूरशिक्षणाने. पीएच.डी.ला ही सवलत नाही, ते बरंच झालं. एका पीएच.डी.त माणसाचं काय होतं ते आपण बघतोच.

आयोग दिल्लीत बसतो. त्याच्या कागदावर एक तास बाराला संपला आणि दुसरा साडेबाराला लागला, तर सगळं सुरळीत. मध्ये ठाणे स्टेशनचा पूल आहे हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ठाणे ते मुलुंड एकच स्टेशन. तेवढ्यात ही मुलगी लेडीज डब्याच्या दाराशी उभी राहून गळ्यातलं निळं आयकार्ड काढते, पर्सच्या चोरकप्प्यात कोंबते आणि लाल घालते. मग डब्यातली उरलेली अर्धी पोळी. एकदा घाईत निळंच राहिलं. मुलुंडच्या वॉचमनने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, फोटो तुमचाच आहे, पण कॉलेज आमचं नाही."

दोन संस्थांत नाव घालणं आपल्याकडे नवं नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली लंडनला गेले, तेव्हा अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७मध्ये परतावं लागलं. १९२०मध्ये पुन्हा जाऊन त्यांनी दोन्ही तडीला नेलं. त्यात ग्रेज इनची हजेरी मोठी नामी होती: तिथल्या भोजनगृहात ठरलेल्या संख्येने जेवायला बसलं की टर्म भरली. अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढणाऱ्या माणसाची हजेरी जेवणांवर मोजली जात होती, हे वाचून हसावं की काय करावं कळत नाही.

आपल्याकडची हजेरी टक्क्यांत. पंच्याहत्तर इथे, पंच्याहत्तर तिथे, म्हणजे दीडशे टक्के हजर राहायचं. इतकं हजर तर देवही नसतो. याउलट आपली अकरावी-बारावीची मुलं पाहा. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, मुक्काम क्लासमध्ये. कॉलेज दिसतं ते प्रॅक्टिकलला आणि हॉलतिकीट घ्यायला. त्यांचीही खरं तर दोन कॉलेजं, फक्त एकात ती नसतात. त्याबद्दल तळमजल्यावरून कधी म्हण ऐकू आली नाही. जी पोर दोन्हीकडे जाऊन बसते, तिलाच आपण वेड्यात काढतो.

परवानगी दोन पदव्यांची मिळाली, पण शाळा सोडल्याचा दाखला देवाने एकच दिला आहे. मूळ एल.सी. पहिल्या कॉलेजच्या कपाटात. दुसरं म्हणालं, ओरिजिनल आणा. पहिलं म्हणालं, ओरिजिनल हवं तर ॲडमिशन रद्द करा. तिने आयोगाचं पत्रक छापून नेलं. खिडकीमागच्या बाईंनी ते शांतपणे वाचलं, पिन काढून स्वतःच्या डबीत ठेवली आणि पत्रक परत दिलं. "हे आम्हाला आलेलं नाही." शेवटी हमीपत्र, दोन झेरॉक्स आणि वडिलांची सही यांवर मिटलं. वडील एसटीत कंडक्टर होते. सही करताना म्हणाले, "एका तिकिटावर दोन सीटा अडवणाऱ्याला मी जन्मभर उठवत आलो."

"पण मी दोन्ही तिकिटं काढलीत ना, बाबा," ती म्हणाली. काढली होती खरी; फीच्या दोन्ही पावत्या त्यांच्याच खिशात होत्या.

आता दिवाळीआधीच्या परीक्षांची वेळापत्रकं लागली आहेत. कॉस्टिंग आणि जावा, दोन्ही पेपर एकाच गुरुवारी, सकाळी साडेदहाला. आयोगाच्या पत्रकात तासांच्या वेळांबद्दल लिहिलंय. परीक्षेच्या वेळांबद्दल काय लिहिलंय ते शोधायला काल रात्री अख्खं घर बसलं होतं. तळमजल्यावरचे काकाही चष्मा घेऊन वर आले. त्यांचं म्हणणं पडलं, कॉस्टिंगला एटीकेटी घ्यावी. एटीकेटीचे नियम त्यांना तोंडपाठ आहेत.