सावकाशीचा भाव

इटलीतल्या टस्कनीच्या टेकड्यांवरच्या दगडी घरांत एके काळी अर्धेलीनं जमीन कसणारी कुटुंबं राहत. निम्मं पीक मालकाच्या घशात, उरलेल्यात दहा तोंडं. १९६४ मध्ये कायद्यानं असे नवे करार बंद केले, पण तोवर पोरं शहरातल्या कारखान्यांकडे पळू लागलीच होती. आता त्याच अंगणात निळाशार तरणतलाव आहे आणि पाहुणे युरो मोजून ‘संथ जीवन’ जगायला येतात. ताटात रिबोलिता: शिळा पाव, पांढरा घेवडा, काळपट कोबीची पानं, कालच्या सुपाला आज पुन्हा उकळी. सोबत कियांती वाइन. यजमानीण बजावते, ‘सावकाश होऊ द्या.’ पाहुणे माना डोलावतात आणि हळूच घड्याळ बघतात. चारला चीज, साडेपाचला द्राक्षमळा, सातला सूर्यास्त! गरिबीचं जेवण तेच. फक्त आता त्याला आगाऊ आरक्षण लागतं.