डोंगर कुठाय, मालक?

डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं. एप्रिलात, सोलापुरात. सकाळी सातला घराबाहेर पडलेला माणूस साडेसातला रसवंतीच्या बाकड्यावर सापडतो, हे त्यांना माहीत असायला हवं होतं; कारण ते मला तिथंच भेटले. चालण्याऐवजी सायकल चालेल का, असं मी विचारलं. ते ग्लासातला बर्फ चघळत 'चालेल' म्हणाले आणि आमच्या घरातली शांतता संपली.

कारण साधी सायकल घ्यायची नाही, एमटीबी घ्यायची, हे ऑफिसातल्या मित्रानं परस्पर ठरवून टाकलं. एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, डोंगरावर चालवायची सायकल. "घ्यायची तर दणक्यात घे बे," तो म्हणाला. आता सोलापूर किती सपाट आहे हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मान वर करून बघावी अशी एक सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी होती, तीही विमानाला आडवी येते म्हणून जून २०२३ मध्ये पाडली. उरला तुळजापूरचा घाट. तो पंचेचाळीस किलोमीटरवर, आणि कोजागरीला त्याच वाटेनं लाखो माणसं चालत जातात. त्यात सत्तरीच्या आज्या अनवाणी असतात. त्यांच्या शेजारून मी गिअर बदलत, हेल्मेट घालून, धापा टाकत चढणार.

तरी दुकानात गेलोच. नवी सायकल १७,५०० रुपयांना होती. रंग असा की दुपारी दोनला तिच्याकडं बघवेना. गिअर एकवीस. शॉकअप पुढं एक, मागं एक. मी हँडल धरून दाबलं तर पुढचा शॉकअप खाली गेला आणि वर यावं की नाही याचा विचार करत बसला. वजन सतरा किलो. विकणारा पोरगा मात्र गोड होता. "काका, नातवाला का?" असं त्यानं विचारलं. मी सत्तेचाळीसचा आहे.

दुसरी होती विजापूर रोडला एका अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत. काकूंच्या मुलानं २०२० च्या लॉकडाउनमध्ये सव्वा लाखाला घेतलेली. तो आता बंगळुरूला असतो आणि सायकल इथं. काकूंनी तिच्यावर आपली सोलापुरी चादर घातली होती, मोरांची, चॉकलेटी. चादरीवर दोन टॉवेल वाळत होते. टॉवेल काढले, चादर काढली, तशी आतून ती निघाली: काळी, बारीक, एका हातानं उचलावी अशी. माझ्या तोंडून चक्क 'अहाहा' निघालं. भाव करायला गेलेल्या माणसानं जे करू नये ते मी पहिल्या मिनिटात केलं.

"पंचेचाळीस म्हणालाय तो," काकू म्हणाल्या.

घरी आल्यावर हिशेब सुरू झाला. बायकोनं एकच गोष्ट विचारली, "नव्या सायकलीला एकवीस गिअर आहेत म्हणालात. मग जुनीला?"

"बारा."

"म्हणजे गिअर कमी, पैसे जास्त. स्टँड?"

"नाही."

"कॅरिअर? मडगार्ड? घंटी?"

एमटीबीचा नियमच असा आहे की जेवढे पैसे जास्त मोजाल तेवढ्या वस्तू कमी मिळतात. मी तिला समजावून सांगितलं की नवीला पुढं तीन आणि मागं सात चकत्या, तीन साते एकवीस, पण त्यातले बरेच जोड एकमेकांसारखेच निघतात. जुनीला पुढं एकच आणि मागं बारा, त्यात सगळ्यात मोठी चकती ताटलीएवढी. जुनीचं वजन साडेबारा किलो, म्हणजे साडेचार किलो कमी. ती माझ्या पोटाकडं बघत म्हणाली, "डॉक्टरांनी नऊ किलो सांगितलेत. ते फुकटात होतात."

मग मी ठेवणीतला मुद्दा काढला. "सोलापुरी चादर नवी असते तेव्हा अंगाला टोचते की नाही? वीसेक वेळा धुतली की खरी मऊ होते. तशीच चांगली सायकलही..."

"चादर आपण धुऊन मऊ करतो," ती म्हणाली. "दुसऱ्यानं पांघरलेली विकत आणतो का?"

यावर मला उत्तर सुचेना. अजूनही सुचलेलं नाही.

शेवटी अशोक चौकातल्या मिस्त्रींना रिक्षात घालून विजापूर रोडला नेलं. हे मिस्त्री गिरणी कामगारांच्या सायकली बघत मोठे झालेले. ओव्हरहॉलिंगला ते 'ओव्हराईल' म्हणतात आणि एका टपात छर्रे, कटोऱ्या, ग्रीस असं सगळं घेऊन बसले की त्यांच्याशी बोलायचं नसतं. गॅलरीत त्यांनी आधी सायकलीभोवती एक फेरी मारली. पुढचा ब्रेक दाबून धरला आणि सायकल मागंपुढं हलवली, कटोरी खडखडते का बघायला. चाक उचलून फिरवलं, डोळा बारीक करून रिमकडं पाहिलं. "आउट न्हाई." मग पुढच्या चकतीवरची चेन नखानं ओढून बघितली. चेन झिजली असेल तर तिथं दातापासून सुटून वर येते. ती जागची हलली नाही. "पोरानं चालवलीच न्हाई की," मिस्त्री म्हणाले. काकूंनी मान डोलावली. विकणाऱ्यानं दिलेली इतकी प्रामाणिक कबुली मी पाहिलेली नाही.

अडचण शॉकअपपाशी आली. त्यात स्प्रिंग नाही, हवा आहे, असं मी सांगितलं.

"मग पंक्चर झाला तर शॉकअप खोलायचा?"

पंक्चर होत नाही, पण दर पन्नास तास चालवल्यावर खालचं तेल बदलावं लागतं आणि ते काम पुण्यात होतं, हे मित्राकडून ऐकलेलं मी त्यांना ऐकवलं. माझ्या वेगानं पन्नास तास भरायला दोन पावसाळे जातील, हे मनात ठेवलं. मग मिस्त्रींनी चाकाचा वॉल बघितला. तो पेन्सिलीच्या टोकासारखा बारीक. "ह्याला माझी हवा बसत न्हाई, मालक." त्याला पितळेची एक टोपी मिळते, ती लावली की कुठलीही हवा भरता येते. पण मिस्त्रींच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते टोपीनं झाकण्यासारखं नव्हतं. "हिप्परग्याच्या रस्त्याला सराटे हायत," ते म्हणाले. "सराटा किंमत बघून टोचत न्हाई."

एवढं झाल्यावर त्यांनी जिन्याच्या पायरीवर बसून तंबाखू मळली आणि शांतपणे विचारलं, "पण डोंगर कुठाय, मालक?"

तेव्हा मला त्यांना ती गोष्ट सांगावीशी वाटली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स नावाचं गाव आहे. तिथल्या काही पोरांनी १९७० च्या दशकात भंगारात पडलेल्या, १९३०-४० च्या जाडजूड श्विन सायकली उचलल्या आणि डोंगरावरच्या मातीच्या रस्त्यानं खाली सोडल्या. १९७६ मध्ये शर्यतच लावली. या सायकलींना ब्रेक मागच्या हबमध्ये, पायडल उलटं मारलं की लागणारा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'. आणि एमटीबी जन्माला आली ती अशी.

मिस्त्रींची तंबाखू मळायची थांबली. "म्हंजे ओव्हराईल," ते म्हणाले. "तिकडं पण जुन्या सायकलीला ओव्हराईलच केलं की. घ्या, मालक."

अमेरिका एका शब्दात आपल्या बाजूला आल्यावर मी काय बोलणार? पंचेचाळीसचे एकेचाळीस झाले. काकूंनी बंगळुरूला फोन लावला. पलीकडचा मुलगा सायकलीची आठवण काढून क्षणभर हळवा झाला आणि लगेच खाते क्रमांक पाठवून मोकळा झाला. उंचीचाही प्रश्न होता. तो सहा फुटी, मी पाच-सहा. सीट तळाला नेऊन बसलो तेव्हा पाय जेमतेम टेकले. टेकले, एवढंच मी पाहिलं.

खाली टेम्पो उभा राहिला. पोरानं सायकल चढवली, दोरी काढली. रंगाला चरा पडू नये म्हणून मी तिसऱ्या मजल्याकडं बघून हाक मारली, "काकू, ती वरची चादर टाका ना. तेवढीच गुंडाळून नेतो. सायकलीबरोबरचीच आहे ना ती?"

काकू गॅलरीच्या कठड्याशी आल्या. चादर त्यांनी आधीच घडी करून छातीशी धरली होती.

"सायकल न्या हो," त्या वरून म्हणाल्या. "चादर अठरा वर्षं वापरलीय. आत्ता कुठं मऊ झालीय."