दूधखात्याचे नाना

पार्किंगच्या रेषा टेपने मोजणारे, वॉचमनच्या वहीत तपासल्याची सही ठोकणारे आणि भाजीवालीकडून सुटे दोन रुपये परत घेतल्याशिवाय न हलणारे एक नाना प्रत्येक सोसायटीत असतात. तुमच्याकडे त्यांना अण्णा किंवा आप्पा म्हणत असतील. बहुधा ते बँकेतून निवृत्त झालेले असतात; क्वचित एलआयसीतून किंवा इरिगेशनमधून. निवृत्तीनंतरची पहिली वर्षं त्यांना फार जड जातात, कारण घरात सही करण्यासारखं काही उरत नाही. मग नातवंड होतं. इतर आजोबा पाळणा हलवतात, बाबागाडी फिरवतात. नाना दूधखातं ताब्यात घेतात.

आमच्या इमारतीतल्या नानांना तर एकदम जुळी झाली. अंगावरचं दूध दोघांना पुरेना, म्हणून डॉक्टरांनी जोडीला वरचं सुरू करायला सांगितलं. सून बाळंतीण, मुलगा रात्रभर अमेरिकेच्या घड्याळावर, काकूंचे गुडघे धरलेले. "पावडरचं मी बघतो," नाना म्हणाले आणि घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. या माणसाने आयुष्यात स्वतःचा चहा केलेला नव्हता. स्वतःचा मुलगा तान्हा असताना तुम्ही काय करत होतात, असं विचारलं तर "लातूर ब्रँच, इन्स्पेक्शन" एवढंच सांगतात. त्यावर काकू काही बोलत नाहीत, हातातलं भांडं जरा जोरात ठेवतात.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर आलं. तारीख, वेळ, पाणी, चमचे, कोण प्यालं, किती प्यालं, शिल्लक, सही. बारसं व्हायचं होतं म्हणून बाळांची नोंद 'अ' आणि 'ब' अशी झाली. बारसं होऊनही ती तशीच चालू आहे. वर्ष संपल्याशिवाय खात्याचं नाव बदलता येत नाही म्हणतात. ओट्याचा डावा कोपरा काउंटर झाला. तिथे मोहरीचा एक दाणा उडता कामा नये, म्हणून फोडणी पलीकडच्या शेगडीवर गेली. बाटल्या उकळायचं पातेलं वेगळं, चिमटा वेगळा. सांडशीला तिकडे प्रवेश नाही. बाटली पातेल्यात आडवी बुडवून आतला शेवटचा बुडबुडा बाहेर येईपर्यंत नाना तिला चिमट्याने दाबून धरतात, मग घड्याळ लावून दहा मिनिटं. निपल उलटं करून उजेडात बघतात. खोटी नोट ओळखायची सवय आहे.

पाण्याचं प्रकरण मात्र ऐकण्यासारखं आहे, आणि लिफ्टमध्ये गाठ पडली तर ऐकावंच लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची 2007 सालची मार्गदर्शिका त्यांनी छापून घेतली आहे, पाठपोट. पावडर विरघळावी म्हणून पाणी गरम घेतात, असं तुम्ही म्हणालात की नाना लिफ्टचं दार धरून ठेवतात. "अहो, पावडर निर्जंतुक नसते! डबा कितीही सीलबंद असू दे. पाणी सत्तर अंशांच्या खाली गेलेलं नसलं पाहिजे, तरच आतले जंतू मरतात." त्यातल्या मुख्य जंतूचं नाव क्रोनोबॅक्टर. ते नाव नाना थकबाकीदाराचं घ्यावं तसं घेतात. पाणी उकळलं की अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, आधी पाणी मग पावडर, आणि लगेच बाटली नळाखाली धरून कोमट करायची. सुनेने चिवड्याच्या तेलासाठी कधीतरी मागवलेला थर्मामीटर आता नानांच्या खिशाला असतो. मनगटावर थेंब टाकून ते बघतात, पण खात्री काकूंच्या मनगटाची घेतात. दुसरी सही लागतेच.

चमच्यावरून मात्र रोज वाजतं. डब्यातल्या चमच्याने 30 मिली पाण्याला एक चमचा, तोही सुरीच्या पाठीने सपाट केलेला. काकू शीग लावणाऱ्या घराण्यातल्या.

"अहो, जरा शीग राहू दे की. पोरं अंगाला धरतील."

"शीग लावलीस की दूध दाट होतं. पोट धरतं, शरीरातलं पाणी कमी पडतं."

"मग पाणी थोडं जास्त घाला."

"मग पोषण कमी पडतं. बाई गं, हे वरण नव्हे!"

बघायला आलेल्या प्रत्येक बाईला डबा हातात घेऊन बघायचा असतोच. "आमच्या वेळी डब्यावर कसं गुटगुटीत बाळ असायचं," असं कोणी म्हटलं की नाना खुलतात. 1992 च्या कायद्याने डब्यावर बाळाचा फोटो चालत नाही, बाईचाही नाही, आणि जाहिरातीला बंदी आहे, हे ते पाठ म्हणून दाखवतात. आईचं दूधच उत्तम, हे वाक्य डब्यावर छापावंच लागतं, याचं त्यांना विशेष कौतुक. "दुसरा माल आमच्यापेक्षा चांगला आहे, असं आमच्या बँकेने एफडीच्या पावतीवर छापलं असतं का हो?"

फ्रीजमध्ये मटकी, इडलीचं पीठ, कालची आमटी आणि अर्धं लिंबू यांच्या मागे, अगदी पाठीला लागून, रात्रीच्या बाटल्या उभ्या असतात. दारात ठेवायच्या नाहीत, तिथलं तापमान हलतं. पाच अंशांच्या आत, चोवीस तासांची मुदत, प्रत्येकीवर वेळेची चिठ्ठी. बाहेर काढली की गरम पाण्याच्या भांड्यात उभी करून कोमट करायची. मायक्रोवेव्हमध्ये नाही, कारण वरून बाटली गार लागते आणि आतल्या घोटाला बाळाचं तोंड भाजतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की नाना फ्रीजच्या दाराला कागद चिकटवतात : 'उघडू नये. हुकमावरून.' त्या दिवशी घरात कोथिंबिरीवाचून जेवण होतं.

इथवर नाना सुखात असतात. त्यांचं दुःख 'शिल्लक' या रकान्यात आहे.

दुधाची पिशवी कापून रिकामी झाली की तिच्यात चमचाभर पाणी घालून, खळबळून, तेही पातेल्यात ओतणारा हा माणूस. आणि नियम असा, की बाळाने तोंड लावलं की लाळ मिसळते, मग उरलेलं तासाभरात टाकून द्यायचं. पुन्हा फ्रीजमध्ये नाही, पुन्हा गरम करणं नाही. 'ब' हा नव्वदातलं सत्तर पितो आणि झोपतो. वीस मिली. नानांनी एका मिलीचा भाव पैशांपर्यंत काढलेला आहे. पहिल्या दिवशी ते बाटली हातात घेऊन बेसिनपाशी इतका वेळ उभे राहिले, की सुनेला वाटलं बाबांना चक्कर आली. मग त्यांनी 'ब'ची मर्यादा साठावर आणली. साठ संपले आणि 'ब'ने इमारत डोक्यावर घेतली. हवेत सत्तर, पण चमचा तिसाचा. अर्धा चमचा अंदाजाने घालायचा नाही. म्हणजे तीस, साठ, नव्वद. मधलं काही नाही. आयुष्यभर लोकांना सुटे आणायला सांगितलेल्या माणसाला इथे सुटे मिळेनात.

"चहात घाला," काकू म्हणाल्या.

"नियमात बसत नाही."

"नियम बाळाला आहे. तुम्हाला कुठे आहे?"

नाना त्या दिवशी जेवले नाहीत नीट. शेवटी कढीपत्त्याच्या कुंडीचा तोडगा निघाला, ताकाच्या परंपरेतला. रजिस्टरमध्ये 'बुडीत' असा नवा रकाना पडला. कढीपत्ता मात्र तेव्हापासून खंगत चालला आहे. काकूंचं म्हणणं, त्याला वरचं मानवत नाही.

लशीच्या दिवशी आणखी एक घाव बसला. डॉक्टर म्हणाले, बाटली शक्यतो नकोच. निपल नीट स्वच्छ होत नाही, मुलांना जुलाब होतात. वाटी-चमचा वापरा. काकूंनी घरी येताच माळ्यावरून सासूबाईंचं चांदीचं बोंडलं काढायला लावलं आणि चिंचेने लख्ख घासलं. इतकं वाचून, छापून, अधोरेखित करून शेवटी विज्ञान काकूंच्या माळ्यावर जाऊन बसलं होतं. नानांनी बोंडलं मुकाट्याने उकळायला टाकलं आणि नोंद केली : 'बोंडलं, चांदी, 1 नग.' आता दिवसपाळी काकूंकडे आहे. रात्रीचा कारभार अजून बाटलीवर चालतो, पण नानांचा आवाज पूर्वीचा राहिला नाही.

मध्यंतरी भाच्याच्या लग्नाला त्यांना एका रात्रीसाठी कोल्हापूरला जावं लागलं. चार्ज मुलाकडे दिला. सूचना समजावल्या, त्याखाली त्याची सही घेतली, थर्मामीटर सुपूर्द केला. रात्री अडीचला फोन.

"'ब' उठला होता?"

"हो बाबा. नव्वद केलं. तुम्ही झोपा."

"प्याला किती?"

"सत्तर."

"म्हणजे वीस शिल्लक. कुंडीत ओतलीस?"

पलीकडून उत्तर येईना.

"अरे, ओतलीस का?"

"कॉफीत घातली. टाकायला जिवावर आलं."

नानांनी कार्यालयाच्या गच्चीवर इकडेतिकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कशी झाली होती?"