उंबरठ्याच्या आत

सप्टेंबर २०२५. मराठवाड्यात आभाळ फाटलं आणि शेजारच्या काकूंचं सोयाबीन उभ्याउभ्या कुजलं. त्यांनी विचारलं, "भाऊ, इम्याचं कळलं, पण वरणाचं काय?"

तरी मी विम्याचंच सरकारी शहाणपण पाजळलं. २०२३च्या खरिपापासून विमा एका रुपयात मिळत होता. एवढ्या स्वस्ताईत बोगस अर्जांनाही भूक लागली आणि २०२५मध्ये ती योजना गुंडाळली गेली. त्या वर्षी हप्ता खरिपाला जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५. पूर्वी शेतात पाणी साचलं की ७२ तासांत कळवायची धावपळ असे. तीही कटकट मिटली. त्या हंगामात भिस्त पीक कापणी प्रयोगावर.

महसूल मंडळातले काही प्लॉट कापायचे, वजन करायचं, सरासरी काढायची. ती 'उंबरठा उत्पन्ना'खाली गेली तर भरपाई. उंबरठा म्हणजे सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीचे ७० टक्के. तुमचं नदीकाठचं वावर वाहून गेलं, पण माळावरची वाचली, तर कागदावर तुमचंही वाचलं.

काकू म्हणाल्या, "म्हंजी पाटलाकडं पुरणपोळी, माझ्याकडं मीठ-भाकर. सरासरी दोघांकडं गूळ-भाकर!"

काकूंच्या त्याच वावरात पूर्वी उडीद-मूग व्हायचे, डाळ घरचीच असायची. आता सोयाबीन विकून डाळ आणायची. सोयाबीन गेलं की डाळही गेली.

म्हणून माझी एक नम्र सूचना: 'ताट कापणी प्रयोग' सुरू करा. साहेबांनी जेवणवेळी यावं आणि पंचांसमक्ष ताटाचा पंचनामा करावा. पहिली कापणी दुधाची: पोरांच्या वाटणीचं डेअरीला. दुसरी अंड्यांची: घरच्या कोंबडीची अंडी आठवडी बाजाराला. तिसरी वरणाची: इतकं पातळ की वाटीचा तळ दिसावा. शेवटची खुद्द काकूंची: सगळे उठले की पातेलं खरवडून जे निघेल, ते उत्पन्न. रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं, त्यामुळे 'पोट भरले' या रकान्यात टिकमार्क. रक्तासाठी रकानाच नाही.

उंबरठ्याबाहेरचं वजन होतं, आतलं होत नाही. पण थोडी मोजदाद झाली आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय होता आणि पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची खुंटली होती.

हे नुकसान ७२ तासांत झालेलं नाही, म्हणून कुणी कळवलंही नव्हतं.