सासरे किती किलो?

भाऊ मूळचे पेणचे. उमेदीची वर्षं गणपतीच्या कारखान्यात, साच्यात जिप्समचं प्लास्टर ओतण्यात गेली. आता तेच जिप्सम कागदात गुंडाळून, बोर्ड होऊन आलं की भाऊ त्याच्या भिंती उभ्या करतात, पार रोह्यापर्यंत. "मूर्ती काय नि बोर्ड काय, पाणी लागलं की विसर्जन," हे बजावल्याशिवाय ॲडव्हान्स घेत नाहीत.

मेमूतून उतरले की ते दिसायच्या आधी वाजतात. डाव्या खिशात २५ मिलिमीटरचे काळे स्क्रू, उजव्यात ३५चे. साडेबारा मिलिमीटरचा एक बोर्ड असेल तर डावा खिसा, बोर्डावर बोर्ड असेल तर उजवा. पानतंबाखू वरच्या खिशात, आणि तिथेही एखादा सापडतोच.

स्क्रूचं डोकं कागदात जरासं बुडावं, पण कागद फाटू नये, हा त्यांचा धर्म. परवा हाताखालच्या पोराने ड्रिल जास्त दाबलं. भाऊ "गेला!" असे काही ओरडले की शेजारच्या काकू गॅसवर चहा टाकून धावत आल्या.

आमच्या नव्या पार्टिशनवर सासऱ्यांची तसबीर लावायची होती. मी खिळा घेऊन सज्ज. लहान पोराच्या हातून कात्री काढून घ्यावी तशी भाऊंनी हातोडी काढून घेतली.

"सासरे किती किलो?"

"गेले तेव्हा पंचाहत्तर."

"फ्रेम, हो!"

सागवानी चौकट, जाड काच. सहा किलो भरले. "मागे सगळं पोकळ. खिळा नाय धरायचा, साधी गिट्टीपण नाय. आतला पत्र्याचा चॅनलच गाठला पाहिजे." मी सुताराकडचा स्क्रू पुढे केला. "हे आटे विरळ, लाकडाचे. पत्र्याला दाट लागतात." मग जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून भिंतीवरून फिरवू लागले, डॉक्टर छाती तपासतो तसे, श्वास धरून. टक्! चिकटलं.

"पण सोफ्याचा मध्य इकडे आहे," सौ. म्हणाली.

"चॅनल दोन-दोन फुटांवर असतो, वहिनी. सासरे तिथेच."

सासरे तिथेच लागले. मग सोफा आठ इंच सरकला, त्याच्यामागून टीपॉय, टीव्ही. आता हॉलमध्ये पंखा तेवढा एका बाजूला राहिल्यासारखा दिसतो. भाऊ चहा पिता पिता वर बघत होते.

"पंख्याचा हूक कोणी मारलाय?" म्हणाले, आणि बशी ठेवून खुर्चीवर चढले.