नवशिक्या सर्पमित्रांसाठी: गर्दीचं ज्ञान कसं सोसावं

साप पकडायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. हुक कसा धरायचा, पिशवीचं तोंड कुठं ठेवायचं, घोणशीपासून किती लांब उभं राहायचं, हे एखाद्या जुन्या सर्पमित्रामागे हिंडलात की कळतं. पण साप पिशवीत जायला दहा मिनिटं पुरतात आणि भोवती जमलेली माणसं तासभर बोलतात. त्या तासाची तयारी कोणी करून घेत नाही, म्हणून हे टिपण.

परीक्षा फोनपासूनच सुरू होते. "दादा, लवकर या, आठ फुटी नाग आहे. फणा काढलाय!" तुम्ही पोचेपर्यंत तो दहा फुटांचा होतो. प्रत्यक्षात मोरीच्या नळीपाशी हातभर दिवड बसलेली असते आणि तिला तुमच्याइतकाच पश्चात्ताप झालेला असतो. हसायचं नाही. "बरं झालं बोलावलंत," एवढंच म्हणायचं. हे वाक्य घरी आरशासमोर घटवून यावं.

आता गर्दी. प्रत्येक गर्दीत एक जाणकार असतोच. तो ओट्यावर, सापापासून सर्वांत लांब, हात मागे बांधून उभा असतो आणि "तुम्हाला म्हणून सांगतो" अशी सुरुवात करतो. ही मादी आहे. हिचा जोडीदार येणार. मारलंत तर डोळ्यांत फोटो निघतो आणि सात जन्म पाठ सोडत नाही. या शास्त्राचा उगम शोधू नका. १९७६ चा 'नागिन' आणि १९८६ चा 'नगीना' पाहून पिढ्याच्या पिढ्या तयार झाल्या आहेत, आणि त्या अभ्यासक्रमात नापास कोणीच होत नाही. सापाला सूड घेण्याइतकी आठवण नसते, हे तुम्हाला माहीत आहे. ते तिथं सांगून उपयोग नाही. त्याऐवजी गंभीर चेहरा करून म्हणा, "काका, दुसरा येऊ नये असं वाटत असेल तर तो विटांचा ढीग आणि जळण भिंतीपासून हलवा. तिथं उंदीर आहेत." ढीग संध्याकाळपर्यंत हललेला असतो. शास्त्र चुकीचं, काम बरोबर. या धंद्यातली निम्मी कमाई हीच.

धामणीचं प्रकरण जरा अवघड आहे, कारण तिच्याविषयी ज्याला काहीच ठाऊक नाही असा माणूस गावात सापडत नाही. ती गाईच्या मागच्या पायांना विळखा घालून दूध पिते. तिची शेपटी म्हशीच्या नाकात गेली की म्हैस आटोपली. शिवाय तिचं नागाशी लग्न लागतं, आणि बांधावर ते दोघे एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले सांगणाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असतात. पाहिलेलं असतं हे खरंच. फक्त ते दोन्ही धामणच असतात, दोन्ही नर, आणि चाललेली असते कुस्ती. सापाला ओठ नाहीत, त्यामुळे चोखणं जमत नाही. दात आत वळलेले आणि टोकदार, तेव्हा गाय काय करील ते गोठ्यातला कोणीही सांगेल. म्हणून हा मुद्दा तुम्ही मांडू नका, धार काढणाऱ्या बाईंना विचारा. "मावशी, आचळाला असले दात लागले तर गाय उभी राहील का हो?" मावशी जे उत्तर देतात ते जाणकार काकांना तुमच्याकडून कधीच पटलं नसतं.

दुधाची वाटी घेऊन आजी येतील. नागपंचमीच्या सुमारास तर हमखास. सापाला दूध पचत नाही. गारुड्याचा नाग ते पितो, कारण त्याला कित्येक दिवस पाणी दिलेलं नसतं. पुंगीवर तो डोलतो तोही सुरांना दाद देत नाही, त्याला बाहेरचे कानच नाहीत. पुढं हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून असतो. पण ज्या घरात आजीनं हात जोडले त्या घरात काठी निघत नाही, हा माझा अनुभव आहे. तेव्हा वाटी घ्या, "देवाला पोचलं" म्हणा आणि मांजरापुढं ठेवा. विज्ञानाचा एवढा अपमान चालतो.

मांडूळ सापडलं तर मात्र वेगळा माणूस पुढं येतो. आवाज बारीक करून विचारतो, "याचे किती येतात?" शेपटी बोथट म्हणून दोन तोंडांचा, आणि दोन तोंडांचा म्हणून गुप्तधन दाखवणारा, अशी ही साखळी लाखांच्या बाता मारत गावोगाव फिरते आणि त्यापायी हा निरुपद्रवी साप पोत्यात भरून विकला जातो. इथं गोड बोलण्यात वेळ घालवू नका. साप बाळगणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा आणि त्याच्यासमोरच वनखात्याला फोन लावा. तो आपोआप घरी जातो.

एवढ्यात तुमच्या लक्षात आलं असेल की गर्दीत आणखी एक जण उभा आहे ज्याचं बोलणं कोणीच तपासत नाही. तो म्हणजे तुम्ही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी होते आणि शेवट पढतमूर्खाच्या. मधे वाचायला बरीच पानं आहेत, पण सर्पमित्रानं आधी शेवटचा समास उघडावा. मोबाइल समोर आला की नाग गळ्यात घेणारे, फण्याचं चुंबन घेणारे, शेपटी धरून मुलांच्या अंगावर नेणारे आपल्यातलेच. त्यांतले काही दंशाने गेले. "मला सापाची भाषा कळते" हे वाक्य ओट्यावरच्या काकांच्या कुठल्याही वाक्यापेक्षा खुळं आहे, आणि ते मी प्रमाणपत्र भिंतीवर लावलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय.

हा सगळा संयम कशासाठी, असं विचाराल. चारचौघांत ज्याला तुम्ही अडाणी ठरवलंत तो पुढच्या वेळी फोन करत नाही, फावडं उचलतो.

आणि आता ज्यासाठी संयम शिकायचा नाही ती गोष्ट. कोणाला दंश झाला असेल तेव्हा गर्दीतून एक वाक्य येतंच: "अमक्या गावचा बाबा विष उतरवतो." त्याच्याकडं बरे झालेल्यांची यादीही असते, आणि ती खोटी नसते. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. ते सगळे बाबाच्या खात्यात जमा होतात. न वाचलेल्यांची यादी कोणी ठेवत नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, सूज नाही, वेदना फारशी नाही, दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या उचलेनाशा होतात, आणि घरचे "अपचन असेल" म्हणून ओवा देतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष आपल्याकडं तयार होतं, पण ते बाबाकडं नसतं.

तेव्हा तिथं काकांचा मान, आजीची श्रद्धा, सरपंचांचा शब्द, काही पाहू नका. ओरडा, भांडा, वाट अडवा. चिरा देऊ नका, आवळपट्टी बांधू नका, तोंडानं विष ओढू नका, साप शोधत बसू नका. माणसाला चालवू नका, हातपाय स्थिर ठेवा, १०८ ला फोन करा, आणि गाडी यायला उशीर होत असेल तर मिळेल त्या वाहनानं थेट दवाखाना गाठा.